फुली मारलेली खिडकी

"हनुवटी खाली घ्या, लालासाहेब. अजून थोडी. हां. आता हलू नका."

"हलत न्हाई बाई. श्वास घेतला तर चालंल न्हवं?"

"घ्या, पण जपून."

लालासाहेब जपून श्वास घेऊ लागले. बाहेर चैत्राचं ऊन मी म्हणत होतं आणि हे गृहस्थ अंगात फौजेतला जाड रेनकोट घालून, त्याची टोपी कपाळावर ओढून, पडदे लावलेल्या खोलीत स्टुलावर बसले होते. पंखा बंद, कारण पंख्याने कागद उडतात. डाव्या गालाजवळ टेबललॅम्प, त्यामुळे अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा गडप. नाकाच्या शेंड्यावर घामाचा एक थेंब जमला होता. तो कधी पडतो याकडे पलीकडच्या टेबलावरून मधुभाऊंचं बारीक लक्ष होतं.

लालासाहेब मूळचे कुंडलचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता सांगलीच्या गावभागात, मधुभाऊंच्या घरासमोरच्या अपार्टमेंटवर वॉचमन आहेत. क्षमाबाईंच्या पुस्तकात मात्र त्यांना एकदम इन्स्पेक्टर केलेलं होतं आणि ही बढती त्यांनी स्वतःच साऱ्या गल्लीत जाहीर करून टाकली होती. भाजीवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्यांना आता साहेब म्हणत. ते ऐकून घ्यायला लालासाहेबांची काही हरकत नव्हती.

मधुभाऊंच्या बायको क्षमाबाई मुलींच्या शाळेत चित्रकलेच्या शिक्षिका होत्या. नोकरी संपल्यावर चार बायका भजनी मंडळात जातात, चार योगासनांना जातात. यांनी खून करायला घेतला. चित्रांमधून सांगितलेली लांबलचक कादंबरी, सगळी काळ्या शाईत, रंग औषधालाही नाही. अशा सावल्यांच्या रहस्यकथेला न्वार म्हणतात, असं साताऱ्याच्या अश्लेषाने सांगितलं. अश्लेषा ही क्षमाबाईंची प्रकाशक, वयाने त्यांच्या विद्यार्थिनींइतकी. क्षमाबाई म्हणाल्या, काय म्हणायचं ते म्हणा, मला काळं काढायचंय.

गोष्ट अशी होती. सांगलीत पूर आलाय. बोळांमधून पाणी भरलंय, लाईट गेलेली आहे आणि एका बंद घराच्या वरच्या मजल्यावर हळदीच्या एका व्यापाऱ्याचं प्रेत सापडतं. इन्स्पेक्टर नावेतून घरोघर फिरतो. प्रत्येक खिडकीतून कोणीतरी काहीतरी पाहिलेलं आहे, पण कोणी बोलत नाही.

"बाई, आता तरी सांगा," लालासाहेब ओठ न हलवता म्हणाले. "खून केलाय कुणी?"

"शेवटचं पान झालं की कळेल."

"आवं, तपास माझ्याकडं हाय आन मलाच ठावं न्हाई, ह्ये बरं दिसतंय व्हय?"

थेंब पडला. मधुभाऊ हसले आणि पुन्हा आपल्या कामाला लागले.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. क्षमाबाई पेन्सिलीने चित्र काढायच्या, निबने त्यावर रेघा ओढायच्या आणि जिथे जिथे गच्च काळं हवं तिथे पेन्सिलीची एक बारीक फुली मारायच्या. कोटाच्या आतल्या बाजूला फुली, दाराच्या फटीत फुली, जिन्याखाली फुली. मग कागद मधुभाऊंकडे यायचा. त्यांनी ब्रश घेऊन फुली असेल तिथे शाई भरायची. फुली नसेल तिथे कागद सोडायचा.

हे सुरू झालं ते अगदी योगायोगाने. मधुभाऊंनी वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात सगळी नोकरी काढली होती. फोन उचलायचा, "लाईट गेली आहे" हे ऐकायचं, पत्ता लिहून घ्यायचा आणि "माणूस निघालाय" म्हणायचं. निवृत्त झाल्यावर फोन थांबले आणि हाताला काही उरलं नाही. तेव्हा त्यांनी स्वयंपाकघर लावायला घेतलं. डाळींचे डबे उंचीप्रमाणे, मसाल्यांचे डबे रंगाप्रमाणे. एक दिवस क्षमाबाईंना भर दुपारी हिंग सापडेना, तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या हातात ब्रश दिला आणि म्हणाल्या, "हे घ्या, आणि त्या डब्यांना सोडा."

पहिल्या पानावर शाई रेघेबाहेर गेली. दुसऱ्यावर कमी गेली. पुढे त्यांचा हात असा बसला, की केसाएवढी पांढरी कड राखून ते काळं भरू लागले. काळं भरण्यातही काम आहे हे त्यांना हळूहळू कळलं. शाई एकाच दमात पुढे न्यावी लागते, मध्ये थांबलं तर वाळलेल्या कडेचा डाग राहतो. ब्रश आधी कडेने फिरवायचा, मग पोटात शिरायचं. चित्र कशाचं आहे हे ते फारसं बघत नसत. जन्मभर लोकांनी सांगितलेल्या अंधाराची नोंद केली, आता बायको सांगेल तिथे अंधार करतो, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि खूश असत. शेजारच्या वहिनींनी "भाऊंचे हात उतारवयात काळे केलेत हो" म्हणून चिडवलं, तेव्हा त्यांनी दोन्ही पंजे पुढे करून दाखवले. सकाळचा चहा, मग शाई, दुपारी डुलकी, पुन्हा शाई. इतकं सुख नोकरीत कधी मिळालं नव्हतं.

लालासाहेब रेनकोट काढून, ताकाचे दोन पेले पिऊन गेले. त्यांचा चेहरा शेवटच्या पानासाठीच हवा होता. संध्याकाळी अश्लेषा साताऱ्याहून एसटीने येणार होती. कुरिअरवर तिचा विश्वास नव्हता, मूळ पानं ती स्वतः छातीशी धरून नेणार होती. बाकी सगळी पानं बांधून तयार होती. राहिलं होतं ते हे एकच.

दोन तासांनी क्षमाबाईंनी ते पान मधुभाऊंसमोर ठेवलं. "पूर्ण पानभर एकच चित्र आहे. घाई करू नका, पण जेवायच्या आधी होऊ दे. मी भात टाकते."

मधुभाऊंनी शाई ढवळली, ब्रशाला टोक काढलं आणि कडेने सुरुवात केली. बोळातलं पाणी. नावेचं पोट. इन्स्पेक्टरची पाठ, तो चालला आहे, नुसती मान मागे वळलेली. पाण्याच्या दोन्ही बाजूंना घरं, आणि प्रत्येक खिडकीवर फुली. त्यांनी डावीकडच्या खिडक्या भरल्या. उजवीकडची पहिली भरली, दुसरी भरली. तिसरीपाशी ब्रश थांबला.

त्या खिडकीचं एक झडप बिजागरीतून सुटून खाली लोंबत होतं. तिच्याखाली पत्र्याची पन्हळ, पन्हळीला दोरी बांधलेली. मधुभाऊंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. ती पूर्वी समोर राहणाऱ्या बनुबाईची खिडकी होती. क्षमाबाईंनी चित्रासाठी दुसरी कुठली गल्ली शोधलीच नव्हती, आपलीच काढली होती. समोरचं अपार्टमेंट उभं राहण्याआधीची.

खिडकीच्या मधोमध बारीक फुली होती.

त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला, पुसला, पुन्हा शाईत बुडवला. मग ती खिडकी सोडून पुढची भरली. त्याच्या पुढचीही भरली. सगळं पान काळं झालं आणि ती एक खिडकी तेवढी बोळक्यात एकच दात उरल्यासारखी पांढरी राहिली.

क्षमाबाई पदराला हात पुसत आल्या. पान लांब धरून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. मग म्हणाल्या, "एक राहिली की हो."

"हं."

"दिसली नाही का फुली?"

"दिसली."

"मग?"

मधुभाऊंनी ब्रश खाली ठेवला. दोघांच्या संसारात चित्राच्या बाबतीत त्यांनी आजवर ब्र काढला नव्हता. चित्र तिचं, हिशेब माझा, अशी सरळ वाटणी होती.

"दमलात वाटतं. द्या इकडे, मी भरते," असं म्हणून क्षमाबाईंनी ब्रश उचलला. शाईत बुडवून तो कागदावर आणला, आणि मधुभाऊंनी पटकन पुढे होऊन त्या खिडकीवर आपला पंजा ठेवला.

पानावरची शाई ओली होती. त्यांचा तळहात शेजारच्या दोन खिडक्यांत आणि इन्स्पेक्टरच्या पाठीत लडबडला. दचकून त्यांनी हात उचलला, तर उचलताना तो घसरला आणि सगळ्या बोळावरून काळा फराटा ओढला गेला.

दोघंही पानाकडे बघत राहिले. आत कुकरची शिट्टी झाली.

"काय केलंत हे?" क्षमाबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्या रागावल्या की आवाज खाली जायचा, हे शाळेतल्या सगळ्या मुलींना ठाऊक होतं. "अहो, संध्याकाळी ती मुलगी येतेय. काय झालंय तुम्हाला?"

"ती खिडकी काळी नव्हती, क्षमा."

"कुठली काळी नव्हती?"

"बनुबाईची. पुरात. तिथे दिवा होता."

क्षमाबाई खुर्चीवर बसल्या. "कुठला दिवा? सगळ्या गल्लीत काळोख होता. मला आठवतंय ना. ते सगळं पुस्तक मी त्याच काळोखातून काढलंय."

त्यांना जे आठवत होतं ते खोटं नव्हतं. एकोणीस सालच्या पुरात त्या तापाने फणफणल्या होत्या. पाणी इतकं झपाट्याने चढलं की त्यांना खांद्यावर घेऊन बाहेर काढायलाही सवड मिळाली नाही. खालचं घर बुडालं आणि दोघं वरच्या खोलीत अडकले. शुद्ध येई तेव्हा डोळ्यांसमोर नुसतं काळं आणि खालून पाण्याचा आवाज. आपण विहिरीत पडलोय असं त्यांना वाटायचं. ताप उतरल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं, "किती काळोख होता हो," आणि मधुभाऊ म्हणाले होते, "हो ना." एवढंच. मग चिखल काढणं, गाद्या टाकणं, भिंती धुणं, यात बोलणं राहूनच गेलं. पुढे त्या काळोखाचं पुस्तक होऊ लागलं, क्षमाबाई पहाटे उठून कागदावर वाकू लागल्या, कित्येक वर्षांनी तोंडावर तेज आलं. अशा वेळी तुझ्या काळोखात एक दिवा होता, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मधुभाऊ गप्प बसले आणि फुल्या भरत राहिले. बाकीच्या खिडक्या कोणाच्याही होत्या.

आता मात्र त्यांनी सांगितलं. गावातली वीज बंद केली होती, घरातल्या मेणबत्त्या संपल्या होत्या, मोबाइल मेला होता. तिला गोळी द्यायची तर पाकीट हाताला लागेना, पाणी पाजायचं तर भांडं तोंडाला लागेना. वीज कंपनीतला माणूस म्हणून आजूबाजूचे लोक गच्चीवरून हाका मारून त्यांनाच विचारत होते, मधुभाऊ, लाईट कधी येणार? आणि ते सवयीने ओरडून सांगत होते, माणूस निघालाय. पहिल्या रात्री त्यांचा धीर सुटला. ते खिडकीचे गज धरून उभे होते आणि बहुधा मोठ्याने काहीतरी बोलत होते, देवाला असेल नाहीतर स्वतःला. तेव्हा समोरून बनुबाईचा आवाज आला, "मास्तरीणबाईला लय ताप हाय काय वं?" ते म्हणाले, हो, आणि मला काही दिसत नाहीये. थोड्या वेळाने समोरच्या खिडकीत कंदील आला.

"रोज लावायची," मधुभाऊ म्हणाले. "अंधार पडला की लावायची. नाव येऊन तिला घेऊन गेली तोवर. त्या उजेडात मी तुला औषध दिलं, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. तुझा चेहरा दिसायचा मला. तेवढं दिसत होतं म्हणून मी निभावलो."

"बनुबाई?" क्षमाबाई म्हणाल्या. "ती माझ्याशी बोलत नव्हती."

हेही खरं होतं. बनुबाई भडंग करून विकायची. तिच्या भट्टीचा धूर बोळातून वर चढायचा आणि क्षमाबाईंच्या वाळत घातलेल्या जलरंगांवर काजळी बसायची. त्यावरून दोघींचं वाजलं होतं आणि तेव्हापासून बनुबाई यांच्या दारावरून जाताना तोंड फिरवायची. पूर ओसरल्यावर ती आष्ट्याला भाच्याकडे गेली. पुढच्या उन्हाळ्यात तिकडेच वारल्याचं कळलं. घर विकलं गेलं, पडलं आणि तिथे अपार्टमेंट उभं राहिलं.

क्षमाबाईंनी फराटा पडलेलं पान पुन्हा जवळ ओढलं. पुस्तकाचा शेवट मधुभाऊंना आता कळत होता. इन्स्पेक्टर परत निघालाय, खुनी कोण ते त्याला समजलंय, पण सगळ्या गल्लीने खिडक्या काळ्या ठेवल्यात, एकही माणूस साक्ष द्यायला उभा नाही. त्या काळ्यासाठीच तर सगळं पुस्तक होतं. त्यात एक उजेड पडला की दोन वर्षांचं काम नासलं, आणि ते आपण नासवलं.

"कंदील कुठे ठेवला होता? खाली, खिडकीच्या कट्ट्यावर?" क्षमाबाईंनी एकाएकी विचारलं.

"कट्ट्यावर."

"म्हणजे उजेड खालून. आपल्या गजांच्या सावल्या कुठे पडत होत्या?"

"भिंतीवर. तुझ्या पांघरुणावर."

"तिरप्या की सरळ?"

"आता ते कसं सांगू?"

"उजेड कुठून येतो ते कळल्याशिवाय मला माणूस काढता येत नाही," क्षमाबाई म्हणाल्या आणि उठल्या. "जेवून घ्या. मग माळ्यावरून माझी वस्तुचित्राची पेटी काढा. तिच्यात कंदील आहे."

राग कुठे गेला ते मधुभाऊंना कळलं नाही. पण बायकोचा हा आवाज त्यांना माहीत होता. चित्र डोक्यात शिरलं की ती अशी बोलायची. ते मुकाट्याने हात धुवायला गेले. काळं निघालं नाही, तसेच जेवले.

शाळेत मुलींना रेखाटायला ठेवायचा तो कंदील धड निघाला, काच शाबूत होती. रॉकेल मात्र कुठेच मिळेना. शेवटी लालासाहेबांनी अपार्टमेंटच्या जनरेटरमधलं वाटीभर डिझेल आणलं. "धूर लय करंल," ते म्हणाले, "पर जळंल."

"बनुबाई काही कमी धूर करायची नाही," क्षमाबाई म्हणाल्या.

दिवस कलला. लालासाहेबांना अपार्टमेंटच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या खिडकीत उभं केलं. बनुबाईची खिडकी बरोबर त्याच उंचीवर होती. बोळ एवढा अरुंद, की दोन्ही बाजूंनी हात लांबवले तर पापडाची चळत इकडून तिकडे देता आली असती. जिन्यातला दिवा बंद केला. घरातले दिवे बंद केले. क्षमाबाई पलंगावर, जिथे तेव्हा निजल्या होत्या तिथे, तशाच कुशीवर पडल्या आणि नेमकी त्याच वेळी अश्लेषा पाठीला पिशवी लावून जिना चढून आली. अंधाऱ्या खोलीत बाई आडव्या पडलेल्या, काका खिडकीत गज धरून उभे.

"काय झालं? बरं नाही का बाईंना?"

"ताप आहे," क्षमाबाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "तू बस. हलू नकोस."

अश्लेषा होती तिथे, उंबऱ्यावर बसली.

लालासाहेबांनी कंदील पेटवून कट्ट्यावर ठेवला. एक मळकट पिवळा ठिपका दिसला, खोलीत मात्र काहीच आलं नाही. क्षमाबाईंनी मान वळवून मधुभाऊंकडे पाहिलं.

"असं नव्हतं," मधुभाऊ म्हणाले. "इथवर यायचा. थांब. परात होती. तिने कंदिलामागे परात उभी केली होती. मी विचारलं होतं तिला, परात कशाला? तर म्हणाली, वाऱ्यानं इझंल म्हून."

तळमजल्यावरच्या बिऱ्हाडातून कणीक मळायची स्टीलची परात मागून आणली. लालासाहेबांनी ती कंदिलामागे उभी धरली. "थोडी कलती करा," मधुभाऊ ओरडले. "अजून. आमच्याकडे." आणि बोळ ओलांडून उजेड आला.

फार नव्हता. पण भिंतीवर गज उमटले. पलंगाची कड उमटली, पांघरुणाच्या घड्या उमटल्या, तिपाईवरचा पाण्याचा पेला चमकला. क्षमाबाईंनी आपला हात उजेडात धरला. बोटांवर आडव्या सावल्या पडल्या होत्या. त्या उलटसुलट करून तो हात बघत राहिल्या.

"एवढा होता?"

"एवढाच. धूर नव्हता."

"मला वाटायचं मी एकटीच पडलेय कुठेतरी खोल," क्षमाबाई म्हणाल्या. "माझ्या अंगावर उजेड होता."

मधुभाऊ खिडकीपासून बाजूला झाले आणि त्यांच्या पायथ्याशी बसले. तेवढ्यात समोरून लालासाहेबांचा आवाज आला.

"भाऊ, एक इचारू का? वारं तर बोळातनं येतंय. मागनं परात लावून कंदील इझायचा कसा ऱ्हाईल? म्होरं लावाय पायजे की."

मधुभाऊंनी मान वर केली.

"आन ह्या परातीनं माझ्याकडं काय बी दिसंना झालंय," लालासाहेब म्हणत होते. "समदा उजेड तुमच्याकडं. मी हितं मिट्ट काळोखात हाय. जिन्याची पायरी बी दिसंना."

मधुभाऊ उठून पुन्हा खिडकीशी गेले. समोर परातीचा गोल पिवळा तुकडा दिसत होता. त्याच्यामागे लालासाहेबांचा आवाज होता, लालासाहेब दिसत नव्हते. बनुबाईचाही नुसता आवाजच यायचा, मास्तरीणबाईला उतार पडला का? आणि इतकी वर्षं त्यांनी फक्त आपल्याकडे आलेल्या उजेडाचा हिशेब धरला होता. ती मागे कशी बसत असेल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तिचं कंदिलातलं तेल, तिची परात, आणि चूल पेटवायची तर तिला स्वतःला चाचपडायला लागत असणार.

"मला खोटं सांगितलं तिने," ते म्हणाले. "वाऱ्याचं."

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही परात काढायला लावली असती," क्षमाबाई म्हणाल्या आणि पलंगावरून उठल्या. "लालासाहेब, तसेच उभे राहा. कागद आणते."

"ऱ्हातो बाई. पर आता तरी सांगा, खुनी कोण?"

"हळदवाल्याचा भाऊ," क्षमाबाईंनी सांगून टाकलं.

"मला पयल्यापासनं वाटतच हुतं," काळोखातून आवाज आला.

अश्लेषा रात्री तिथेच राहिली. सकाळी मधुभाऊ उठून येतात तर नवं पान त्यांच्या टेबलावर ठेवलेलं होतं. तेच पाणी, तीच नाव, तोच इन्स्पेक्टर. पण मान मागे नव्हती वळलेली, वर वळलेली होती. सगळ्या खिडक्यांवर फुल्या होत्या. उजवीकडच्या तिसऱ्या खिडकीत, कट्ट्यावर, कंदिलाची चार रेघांची आकृती आणि त्याच्यामागे परातीचा गोल. गोलात फुली नव्हती. गोलाच्या मागे, खिडकीच्या उरलेल्या जागेत होती, आणि ती नेहमीपेक्षा जरा मोठी आणि ठसठशीत मारलेली होती.

क्षमाबाई चहाचे कप घेऊन आल्या. "परातीच्या कडेला हात लागू देऊ नका," एवढंच म्हणाल्या.

मधुभाऊंनी आधी सगळं बाकीचं भरलं. पाणी भरलं, नाव भरली, दोन्हीकडची घरं भरली. ती जागा शेवटी ठेवली. मग ब्रश धुऊन, बारीक टोक काढून, श्वास रोखून त्यांनी परातीच्या कडेने शाई फिरवली आणि आत शिरले. मध्ये कुठेही थांबले नाहीत. परात पांढरी राहिली. तिथे काहीही काढलेलं नव्हतं, तो नुसता कोरा कागद होता.

अश्लेषा मागून वाकून पाहत होती. "सुंदर झालंय, काका," ती म्हणाली. "पण एक विचारू? दिवा लावणारं माणूस कुठे दिसत नाही. वाचणाऱ्यांना वाटेल खिडकीत कोणी नाही."

मधुभाऊंनी ब्रशाचं टोक पाण्यात हलवलं. पाणी काळं झालं.

"आहे," ते म्हणाले. "मी आत्ता भरलं ना, त्यात बसलीय."